तीन हजार आठशे घरांची वही

प्रश्न : आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इंटरनेटच्या जोडण्या देतो. सासऱ्यांनी १९९६ साली केबल टीव्ही सुरू केला होता. २०१६ पासून आमचा स्वतःचा ‘सी’ वर्गाचा, म्हणजे लहान भागापुरता, इंटरनेट परवाना आहे. आज ३,८०० घरं आहेत. मिस्टर लाइन आणि ओएलटी (घराघरांतल्या फायबर लाइनी जिथं जोडतात ते यंत्र) बघतात, ऑफिस मी बघते. पुण्याची एक कंपनी म्हणते की बिलिंग, केवायसी, तक्रारींचे फोन, रेडियस सर्व्हर (कुणाची जोडणी चालू ठेवायची ते तपासणारा), लॉग (वापराच्या नोंदी) सगळं आमच्याकडे द्या. दर ग्राहकामागे महिना १४ रुपये. दीर म्हणतात, लगेच सही करा, डोक्याचा ताप जाईल. माझा मात्र पाय निघत नाही. लोकांनी आधार कार्डाच्या झेरॉक्स आम्हाला ओळखून दिल्यात. शिवाय ऑफिसात अकरा वर्षं काम करणाऱ्या एक काकू आहेत, त्या नुसत्या आवाजावरून ग्राहक ओळखतात. त्यांना काय सांगू? कराराची प्रत सोबत जोडली आहे. कृपया नाव छापू नये.

उत्तर : ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि करार चार वेळा. आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. काम बाहेर द्यायला हरकत नाही. दोन माणसांनी रिचार्जपासून सर्व्हरपर्यंत सगळं ओढायचं, हे फार दिवस चालणारं नव्हे, आणि तुम्ही दमला आहात हे पत्रावरून दिसतंच आहे. पण समोर आहे त्या करारावर सही करू नका. त्यात कामाबरोबर तुमचे ग्राहकही उठून चाललेत.

परवाना तुमचा स्वतःचा आहे, म्हणून हा निर्णय तुम्हाला घेता तरी येतो. आपल्याकडचे बरेच केबलवाले मोठ्या पुरवठादाराचे फ्रँचायझी असतात. त्यांच्याकडच्या ग्राहकाचा करार त्या मोठ्या कंपनीशी झालेला असतो, आणि तिला विचारल्याशिवाय ती माहिती तिसऱ्याच्या हाती देता येत नाही. हे सदर वाचणारे जे फ्रँचायझी असतील त्यांनी आधी आपला करार काढून बघावा.

आता दिरांचं म्हणणं. कामाचा ताप कमी होईल, हे खरं. पण कायद्यापुढे उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, आणि हे त्यांना नीट समजावून सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तुम्ही ‘डेटा फिड्युशिअरी’ आणि ती पुण्याची कंपनी तुमची ‘डेटा प्रोसेसर’. नावं अवघड आहेत, अर्थ सोपा आहे. लोकांची माहिती कशासाठी वापरायची हे ठरवणारे तुम्ही. तुमच्या सांगण्यावरून ती हाताळणारे ते. कायदा म्हणतो की प्रोसेसरने तुमच्या वतीने जे काही केलं त्याची जबाबदारी तुमची, मग दोघांच्या करारात काहीही लिहिलेलं असो. तुमच्या करारातलं नववं कलम सांगतं की माहिती फुटली तर ‘दोन्ही पक्ष समान जबाबदार राहतील’. हे वाक्य तुमच्या आणि त्यांच्या भांडणात कामाला येईल, या कायद्याखालच्या सरकारी मंडळापुढे नाही. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुमच्याएवढ्या व्यवसायाला कुणी तेवढा दंड करेल असं मला वाटत नाही, आणि भीती घालायला मी आकडा सांगत नाहीये. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे तुम्ही आज जो तीन वर्षांचा करार कराल, त्यातला निम्म्याहून जास्त काळ या कायद्याखालीच जाणार.

तुमच्या पत्रात ‘सगळं’ हा शब्द आहे. कंपनीच्या माणसानं तो वापरला असणार आणि तो तुमच्या तोंडी बसला. आधी हे ‘सगळं’ फोडा.

बिलिंग द्या. मुदत संपली की मेसेज जाणं, पैसे आले की प्लॅन पुन्हा चालू होणं, जीएसटीची पावती निघणं, हे यंत्राचं काम आहे आणि ते लोक तुमच्याहून बरं करतील. फक्त पेमेंट गेटवेचं खातं तुमच्या फर्मच्या नावे हवं आणि पैसे थेट तुमच्या बँकेत यायला हवेत. करारात लिहिलंय तसं त्यांच्या खात्यात जमा होऊन ‘टी प्लस सात’, म्हणजे व्यवहारानंतर सात दिवसांनी तुमच्याकडे नकोत. मेसेजचंही तसंच. ग्राहकाच्या फोनवर पाठवणाऱ्याचं जे इंग्रजी अक्षरांचं लहानसं नाव दिसतं, ते डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्यांच्या नोंदणीत, कुणाच्या नावे आहे? आज तुमच्या नावे असेल तर तसंच ठेवा. अ‍ॅपही तुमच्याच खात्यातून प्ले स्टोअरवर चढवायला सांगा. या तिन्ही गोष्टी आज किरकोळ वाटतील. कंपनी सोडायची वेळ येईल तेव्हा कळेल की तुमचं नाव, तुमचे मेसेज आणि लोकांच्या मोबाइलमधलं तुमचं अ‍ॅप त्यांच्या मालकीचं होतं.

फोनचं काम अर्धं द्या. रात्री नऊ ते सकाळी आठ त्यांच्याकडे, दिवसा तुमच्याकडे. राउटरवर लाल दिवा लागलाय, इंटरनेट बंद आहे, ही तक्रार रात्री कुणीही घेऊ शकतं. पण फोन उचलणाऱ्या मुलाला पडद्यावर काय दिसतं, हे तुम्ही जातीनं बघा. त्याला नाव, प्लॅन, मुदत आणि लाइनचा सिग्नल एवढं पुरे. आधारचा फोटो, जुने पत्ते, घरातलं इंटरनेट कधी चालू-बंद झालं याची यादी, यातलं काहीही त्याच्या पडद्यावर येता कामा नये.

हे मी का सांगतो? मी एका इंटरनेट सेवा पुरवठादाराकडे कामाला होतो, तेव्हा आमच्या ऑफिसात एकदा एका माणसाचा फोन आला. बायकोच्या नावची जोडणी आहे, शिफ्टिंगचा अर्ज दिलाय, नवीन पत्ता बरोबर टाकलाय का तेवढं वाचून दाखवा. मोबाइलचे शेवटचे चार आकडे त्यानं बिनचूक सांगितले. फोनवर बसलेली मुलगी नवी असती तर तिनं पत्ता वाचून दाखवला असता. सुदैवानं ती जुनी होती. त्या बाई दोन महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन वेगळ्या झाल्यात, हे तिला ठाऊक होतं. तिनं सांगितलं, ज्यांच्या नावची जोडणी आहे त्यांनाच फोन करू द्या. इंटरनेटवाल्याकडे माणसाचा खरा, राहता पत्ता असतो. तिथं वायर ओढलेली असते. हे लक्षात ठेवून पत्ता फोनवर कधीही, कुणालाही सांगायचा नाही, हा नियम करारात लिहून घ्या.

केवायसीबद्दल तुमचं मन कचरतंय ते योग्यच आहे. कंपनीनं २०१६ पासूनचे सगळे भरलेले फॉर्म स्कॅन करून मागितलेत, ‘बॅक डेटा’ म्हणून. देऊ नका. बिल काढायला आधारची झेरॉक्स लागत नाही आणि फोन उचलायलाही लागत नाही. कुणी कशासाठी मागितलं तर विचारा, कोणत्या कामाला? उत्तर ‘रेकॉर्ड पूर्ण हवं’ असं आलं तर तुम्ही नकारच द्या. परवान्याच्या अटीसाठी फॉर्म जपून ठेवायचे आहेत ते तुमच्या कपाटात आणि तुमच्या एका कुलूपबंद डिस्कवर राहू द्या.

या निमित्तानं आपल्याही घरात बघा. तुमच्या लाइनमनचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेलच. नवीन जोडणी झाली की पोरं आधार कार्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि ऑफिसमधून कुणीतरी तो उतरवून घेतं. काम झटपट होतं, आणि गेल्या पाच वर्षांत नोकरी सोडून गेलेल्या प्रत्येक पोराच्या फोनमध्ये गावातल्या शेकडो लोकांची आधार कार्डं पडून राहतात. पुण्याच्या कंपनीला प्रश्न विचारण्याआधी हा ग्रुप बंद करा. नवीन ग्राहकाकडून मास्क केलेलं आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स घेतलीच तर त्यावर आडवं लिहा, ‘फक्त इंटरनेट जोडणीसाठी’, आणि तारीख टाका.

आता लॉग. करारात याला एक ओळ आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त धोका या ओळीत आहे.

तुमचे मिस्टर जाणतातच, पण तुम्हाला सांगतो. प्रत्येक घराला स्वतःचा जाहीर आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख क्रमांक) देण्याइतके पत्ते बहुतेक पुरवठादारांकडे नाहीत, म्हणून एका पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट, म्हणजे क्रमांक दिलेल्या वाटा, असतात. पहिले १,०२४ बाजूला ठेवले आणि उरलेले ६४ घरांत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला १,००८ येतात. म्हणजे बाहेरच्या जगाला तुमच्या गावातली ६४ घरं एकच दिसतात. कोणत्या घरातून काय झालं हे ओळखायचं तर पत्ता पुरत नाही. पोर्ट लागतो आणि वेळ लागते, सेकंदापर्यंत. ही नोंद म्हणजे लॉग. डिसेंबर २०२१ पासून परवान्याच्या अटीत अशा नोंदी दोन वर्षं ठेवायच्या आहेत.

मी नाशिक भागातल्या एका सेवा पुरवठादाराकडे नऊ वर्षं काम केलं. लॉग सांभाळायचं काम आम्हीही बाहेर दिलं होतं. एके दिवशी सायबर पोलिसांचं पत्र आलं : अमुक आयपी, अमुक पोर्ट, रात्री बारा वाजून बारा मिनिटं, ग्राहक कोण? आम्ही ते तसंच त्या कंपनीकडे पाठवलं. तासाभरात नाव आलं. नाव एका निवृत्त मुख्याध्यापकांचं होतं. सही-शिक्का मारून पुढं पाठवायचं एवढंच बाकी होतं.

आमच्या ऑफिसात एक मुलगी जोडण्या चालू-बंद झाल्याचं रजिस्टर रोज स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मुख्याध्यापकांची ओळ काढली. आदल्या रात्री १०:०५ ला जोडणी बंद, सकाळी ५:२० ला पुन्हा चालू. सर रोज झोपताना राउटरचं बटण बंद करायचे. म्हणजे बारा वाजून बारा मिनिटांनी त्या घरात इंटरनेटच नव्हतं.

मग उलगडा झाला. कंपनीचा सर्व्हर यूटीसी वेळेवर चालत होता, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागं. पोलिसांनी विचारलेली वेळ त्या सर्व्हरवर आदल्या तारखेची, संध्याकाळी ६:४२ ची होती. कंपनीतल्या मुलानं सरळ ००:१२ शोधलं. ती आपल्याकडची पहाटेची ५:४२, आणि तेव्हा सर चहा घेत बातम्या वाचत असणार. तेवढ्या वेळात तो पोर्ट एका घरातून दुसऱ्या घराकडे गेला होता. आम्ही उत्तर दुरुस्त करून पाठवलं. सरांना यातलं काहीच कधी कळलं नाही. मला मात्र आजही त्या पत्राखाली माझी सही करायची राहिलेली मोकळी जागा डोळ्यांसमोर येते.

असं प्रत्यक्षात कुठवर जाऊ शकतं, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. २००७ साली ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या गुन्ह्यात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. सेवा पुरवठादारानं आयपी पत्त्यावरून दिलेलं नाव चुकीचं होतं. त्या तरुणाचा त्या मजकुराशी काही संबंध नव्हता, आणि त्यानं तब्बल पन्नास दिवस तुरुंगात काढले. एका नोंदीपायी. तेव्हा तो आयपी पत्ता एका जोडणीचा होता. आज एका पत्त्यामागे ६४ घरं आहेत.

म्हणून लॉगचं काम त्यांना द्यायचंच असेल तर साठवण्यापुरतं द्या. तीच नोंद रोज तुमच्याही सर्व्हरवर उतरली पाहिजे. पोलिसांचं पत्र आलं की नाव आधी तुमच्या ऑफिसात काढायचं, नंतर त्यांच्याकडून मागवायचं, आणि दोन्ही जुळल्याशिवाय सही करायची नाही. घड्याळाचं एक बघा : सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशात सर्व यंत्रणांची वेळ एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. कंपनीला लेखी विचारा, तुमच्या लॉगमधली वेळ भारतीय आहे की यूटीसी, आणि ती प्रत्येक ओळीत लिहिलेली असते का? सर्व्हर कुठे आहे तेही विचारा. ग्राहकाच्या हिशेबाची आणि वापराची माहिती देशाबाहेर पाठवायला परवान्यात मनाई आहे. कंपनी पुण्याची असली तरी तिचा क्लाउड सिंगापूरला असू शकतो, आणि बॅकअपचं तर कुणी विचारतच नाही.

त्याच निर्देशात सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं बंधन आहे. तुमच्या करारात कंपनी तुम्हाला ‘योग्य वेळेत’ कळवणार आहे. ते शब्द खोडून ‘दोन तासांत, फोनवर आणि लेखी’ असं घाला. रविवार असो की दिवाळी.

चौदावं कलम तुमच्या नजरेतून सुटलं असावं, कारण पत्रात त्याचा उल्लेख नाही. ‘सेवा सुधारण्यासाठी व संलग्न कंपन्यांच्या योजनांसाठी वापराची माहिती ओळख काढून टाकून वापरण्याचा अधिकार राहील.’ हे कलम पूर्ण खोडा. याच्यावर तडजोड नको. १४ रुपयांचा दर त्यांना परवडतो तो बहुधा याच्याच जोरावर.

‘ओळख काढून’ हे शब्द मोठ्या शहरात थोडेफार चालतील. तुमच्या गावात ते पोकळ आहेत. समजा नाव काढलं, फोन काढला, उरलं काय? पेठेतली गल्ली, २०० एमबीपीएसचा प्लॅन, आणि रोज रात्री अकरानंतर कॅन्सरच्या औषधांची आणि मुंबईतल्या इस्पितळांची संकेतस्थळं. त्या गल्लीत २०० चा प्लॅन दोनच घरांत असेल. तुमच्याकडच्या काकूंना हे वाचून दाखवलं तर त्या नाव सांगतील आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीही येईल. कुणाला मूल होत नाहीये, कुणी कर्जाची अ‍ॅप बघतंय, कोणत्या घरातली मुलगी परगावी नोकरी शोधतीये, हे इंटरनेटवाल्याला कळायची सोय आहे. सासऱ्यांच्या काळात केबलवाल्याला फार तर कळायचं की कुणी पैसे थकवलेत. आज तुमच्या हातात गावाचं खासगीपण आहे, आणि लोकांनी ते विश्वासानं दिलंय. तुम्हाला ते जाणवतं म्हणूनच तुमचा पाय निघत नाहीये.

आता निघून यायची वाट. करार करताना सगळे शिरायचा दरवाजा बघतात.

आमच्याकडे २,६०० ग्राहक असताना आम्ही बिलिंगची कंपनी बदलली. हिशेबावरून वाद झाला आणि त्यांनी आमचं लॉगिन बंद केलं. ग्राहकांची माहिती मागितली तर पीडीएफ दिली, १,१०० पानांची. त्यात जोडणीचे पासवर्ड नव्हते. पासवर्ड म्हणजे घरातल्या राउटरमध्ये भरलेला असतो तो, ज्याच्या जोरावर जोडणी सर्व्हरला लागते. आम्ही घाईघाईनं दुसरा सर्व्हर उभा केला आणि पासवर्ड न तपासता सगळ्यांना आत घेतलं, नाहीतर पूर्ण तालुका बंद पडला असता. म्हणजे ज्यांनी पैसे भरले ते चालू, ज्यांनी सहा महिने थकवले तेही चालू. मग सहा लाइनमन घरोघर जाऊन नवे पासवर्ड भरत बसले. एकोणीस दिवस लागले. ऐन पावसाळा होता. त्यातला एक शिडीवरून पडून त्याचा हात मोडला, कारण एरवी तो पोलवरची कामं सकाळी करायचा आणि त्या दिवसांत रात्री करायला लागला. ते लॉगिन बंद झालं त्या दिवशी आमच्याकडे आमच्याच ग्राहकांची एकही धड यादी नव्हती, हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

तुमच्या करारात ‘करार संपल्यावर डेटा परत दिला जाईल’ एवढंच आहे. कशात, किती दिवसांत, किती पैसे घेऊन, काहीच नाही. तिथं लिहून घ्या : दर महिन्याच्या एक तारखेला पूर्ण माहिती एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये तुमच्या सर्व्हरवर उतरेल, पासवर्ड आणि मॅक पत्त्यांसकट (म्हणजे प्रत्येक राउटरच्या ओळख क्रमांकांसकट), वेगळे पैसे न घेता. हिशेबाचा वाद चालू असतानाही लॉगिन बंद करता येणार नाही. आणि करार संपल्यावर तीस दिवसांत त्यांच्याकडची प्रत पुसून तसं लेखी देतील, त्यांनी पुढे ज्यांना काम दिलं असेल त्यांच्याकडचीही. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. पुण्याची कंपनी फोनचं काम तिसऱ्याला आणि मेसेजचं चौथ्याला देत असेल. त्या सगळ्यांची नावं कराराला जोडायला लावा.

काकूंचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण मला वाटतं झोप उडाली आहे ती त्याच्यामुळे. त्यांना काढू नका. माया म्हणून सांगत नाहीये. काम बाहेर दिल्यावर ऑफिसात एक माणूस असा लागतो जो बाहेरच्यांचं काम तपासेल, आणि ते काम ग्राहक ओळखणाऱ्यालाच जमतं. आमच्याकडच्या त्या रजिस्टर ठेवणाऱ्या मुलीला पगारवाढ मिळाली ती त्या पत्रानंतर. आधीच मिळायला हवी होती. काकूंकडे एक वही द्या. कंपनीतल्या कुणाकुणाकडे तुमच्या सर्व्हरचं लॉगिन आहे, प्रत्येकाचं वेगळं आहे की सगळे मिळून एकच ‘अ‍ॅडमिन’ वापरतात, कोण नोकरी सोडून गेलं आणि त्याचं लॉगिन कधी बंद झालं, हे त्या दर सोमवारी फोन करून विचारतील आणि लिहून ठेवतील. रोजचे दहा रेकॉर्ड झालेले कॉल ऐकतील. एक तारखेची फाइल आली की पन्नास ओळी उघडून बघतील. एक्सेल येत नसेल तर शिकतील. अकरा वर्षं ज्यांनी वही चालवली त्यांना महिनाभर पुरे. त्यांना आजच सांगा, गप्प राहून त्यांचा जीव टांगणीला ठेवू नका. गावात बातमी तुमच्या आधी पोचलेली असते.

दिरांसाठी पैशाचा हिशेब. १४ रुपयांनी ३,८०० घरांचे महिन्याला ५३,२०० होतात. त्यात मेसेजचे पैसे वेगळे आहेत, ते परिशिष्टात दिलेत. केवायसी आणि दिवसाचे फोन तुमच्याकडे राहिले तर दर खाली यायला हवा. घासाघीस त्यांना करू द्या. त्यात ते तुमच्यापेक्षा बरे असतील असं पत्रावरून वाटलं.

आणि बोलणी पुढं नेण्याआधी एक करा. कंपनीला सांगा, आम्ही दहा खोटे ग्राहक तुमच्या यंत्रणेत भरतो : नाव, पत्ता, प्लॅन, मुदत, शिल्लक, युजरनेम, पासवर्ड, मॅक पत्ता. दोन दिवस दोन-तीन जोडण्या तुमच्या ऑफिसातच त्यावर चालवा. मग कळवा की आम्ही सोडून चाललोय, आमचं सगळं परत द्या. किती तासांत फाइल येते, त्यात काय असतं, काय नसतं, वेळ कोणती लिहिलेली असते, ते काकूंना बाजूला बसवून बघा. मिस्टरांना ती फाइल तुमच्या जुन्या सर्व्हरवर चढवून त्या जोडण्या पुन्हा चालू करायला सांगा. चालू झाल्या तर दुरुस्त केलेला करार मला पाठवा, मी पुन्हा वाचून देतो.